बॉडीला अर्थ

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर तीन तारजाळी मांडून ठेवली होती. मोटारीच्या पोटातून बॅटरीपासून हॉर्नपर्यंत सगळीकडे फिरणाऱ्या तारांच्या जुडग्याला डॉ. शंतनू खर्शीकर तारजाळं म्हणत. बाकीचं कोल्हापूर हार्नेस म्हणे. हैबतराव इंगवले तिन्हींकडे सारख्याच संशयाने पाहत होते.

हैबतराव हे नाव त्यांच्या वडिलांनी ठेवलं होतं. वडील पैलवान होते, आणि नाव ठेवताना त्यांनी मुलाला नीट पाहिलेलं नव्हतं. मुलगा पुढे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि विजेला, लिफ्टला आणि विद्यार्थ्यांना घाबरत सुखरूप निवृत्त झाला. वडिलांमागे त्याच्याकडे एकच गोष्ट आली, ती म्हणजे १९५४ सालची मोरपंखी मोटार. तिच्या तारांवरचं रबर आता बिस्किटासारखं चुरत होतं.

"हे पहिलं मुळाबरहुकूम," खर्शीकर म्हणाले. "सुती वेष्टण, रंगसुद्धा जुनेच."

"पायजम्याची नाडी दिसते," हैबतरावांच्या पत्नी डॉ. उर्मिला म्हणाल्या. त्या तीस वर्षं भूलतज्ज्ञ होत्या आणि कशालाही घाबरत नसत. "पण मला हेच आवडलं."

"उंदीर कुरतडतील. ठिणगी पडेल. पेट घेईल," हैबतराव म्हणाले.

"मग हे दुसरं. आजच्या गाड्यांसारखं. प्लॅस्टिकच्या तारा, बारा फ्यूज."

"म्हणजे बारा ठिकाणी बिघडणार."

खर्शीकर हसले. ते याचीच वाट पाहत होते. त्यांनी तिसऱ्या जाळ्याची बरणी पुढे सरकवली. आत शेवयांसारखा करडा गुंता होता आणि तो अगदी किंचित हलत होता.

"वर्धिष्णू तारजाळं. हे बसवायचं नाही, गाडीत सोडायचं. याचे वाहकतंतू आपले आपण वाढतात. बॅटरी कुठे, दिवा कुठे, स्वतः शोधतात. उंदराने खाल्लं तर पुन्हा उगवतात. प्रत्येक वाटेला एक पर्यायी वाट आधीच तयार ठेवतात. आणि पक्का झालेला जोड कधी तुटला, तर साठवलेल्या विजेचा सणसणीत झटका देऊन गंज जाळतात आणि जोड पुन्हा सांधतात."

"आणि आग?"

"लागूच शकत नाही."

हैबतरावांची निवड झाली. घाबरलेला माणूस नेहमी ज्या वाक्यात 'नाही' असेल तेच विकत घेतो.

"तुमचं काम एकच," खर्शीकर म्हणाले. "त्याला अर्थ सांगायचा."

"कशाचा?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"अर्थिंग गं," हैबतराव म्हणाले. "गाडीत दिव्याला एकच तार जाते. परतीची वाट म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. तिला अर्थ म्हणायचं. तो शून्य. बाकीचे सगळे विजेचे दाब त्या शून्याच्या तुलनेत मोजायचे."

"माझ्या जाळ्यात परतीच्या तारा वेगळ्या असतात, बॉडी फक्त मोजमापाला लागते," खर्शीकर म्हणाले. "तिच्यातून जाणारा प्रवाह मुंगी चावेल इतकाच. पण शून्य जितका पक्का, तितका जाळ्याला विश्वास, आणि तितका दिव्यांना उजेड. मी त्याला गॅरेजची भाषा शिकवलीय. बॉनेट उघडायचं आणि स्वच्छ म्हणायचं, 'बॉडीला अर्थ घे.' गाडीतली सगळ्यात मोठी, सलग, न गंजलेली बॉडी ते शोधून काढतं."

हैबतरावांनी ते वाक्य घरी आरशासमोर पाठ केलं आणि मग गाडीला सांगितलं.

काही दिवसांतच दिवे लागले. फक्त एक गंमत होती. हैबतराव गाडीत बसले की दिवे प्रखर होत. उतरले की हळदीच्या पाण्यासारखे पिवळट.

"ओळखते मला," ते म्हणायचे. आजवर त्यांना पाहून कोणी इतकं उजळलं नव्हतं. खर्शीकरांनाही कौतुक वाटे. ते रोज संध्याकाळी निरीक्षणाला येत, डावीकडच्या सीटवर मांडीवर मापकपेटी घेऊन बसत आणि "जीव आहे हो तिचा तुमच्यावर," असं म्हणत.

त्या संध्याकाळी वळणावर उसाचा ट्रक समोर आला. हैबतरावांनी करकचून ब्रेक दाबला. ट्रक गेला. मोटारीच्या दिव्यांनी मात्र समोरचा रस्ता भर दुपारसारखा लख्ख केला आणि ते घरच्या शेडमध्ये येईपर्यंत तसेच राहिले.

"उतरा आता," खर्शीकर म्हणाले.

हैबतराव पुढे वाकले. पाठीत आतून काहीतरी ओढलं गेलं.

"अगं, इकडे ये जरा," ते फार हळू म्हणाले.

उर्मिलाबाईंनी टॉर्च आणला आणि त्यांच्या पाठीमागे प्रकाश टाकला. सीटमधून केसाएवढे करडे तंतू निघाले होते, सदऱ्यातून आरपार गेले होते आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना घामाच्या रंध्रांत शिरले होते.

"हलू नका," त्या म्हणाल्या. तीस वर्षांत ऑपरेशनच्या टेबलाशी त्यांनी हा आवाज कधी बदलला नव्हता, पण हैबतरावांनी तो घरी कधी ऐकलेला नव्हता. समोरची भिंत आणखी उजळली.

खर्शीकरांनी मापकपेटीकडे पाहिलं. "सर, बॉडीचं काम काय काय केलंत तुम्ही?"

"गंजाची भीती वाटली. दारं फायबरची केली, मडगार्ड फायबरचे, तळाच्या पत्र्यात पुट्टी भरली."

"म्हणजे गाडीला बॉडीच राहिली नाही. नुसते लोखंडाचे सुटे तुकडे."

"सगळ्यात मोठी, सलग, न गंजलेली," उर्मिलाबाई सावकाश म्हणाल्या. "खाऱ्या पाण्याने भरलेली, सत्तर किलोची. बॉडी शोध म्हणालात, त्याने शोधली."

"गॅरेजमध्ये बॉडी म्हणजे पत्रा!" खर्शीकर म्हणाले.

"आमच्या हॉस्पिटलात बॉडीचा आणखी तिसराच अर्थ होता."

"अगं!" हैबतराव ओरडले. दिवे भगभगले.

"इतके दिवस ते नुसतं चाचपत होतं," खर्शीकर कपाळ पुसत म्हणाले. "कोरडी कातडी चांगला वाहक नाही. आज ट्रक पाहून घाम फुटला आणि त्याला पहिल्यांदा उत्तम शून्य सापडला. जोड पक्का झाला."

"जन्मभर लोक मला शून्यच म्हणत आले," हैबतराव पुटपुटले. "गाडीने मोजून सिद्ध केलं. उपटून काढा ते तंतू."

"नको! पक्का जोड तुटला की झटका. गंज जाळायला."

"माझ्या अंगावर गंज नाही हो."

"त्याला काय माहीत? तो झटका हृदयातून जाईल."

बॅटरी काढायची? जाळ्याकडे स्वतःचा साठा होता. तांब्याची पट्टी ठोकून सगळे तुकडे जोडायचे? ते करता येणार होतं, पण नव्या सांध्यावर जाळं एक दिवस विश्वास ठेवत नाही, असं खर्शीकरांनीच त्याला शिकवलं होतं. सावधगिरी म्हणून.

"आणि मधल्या वेळात ह्यांचा घाम सुकला तर?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"तर ते जोड तुटला असं समजेल." खर्शीकर थांबले आणि एकदम मापकपेटीवर वाकले. "थांबा, थांबा! पर्यायी वाट तयार असेल तर झटका नाही. जुना जोड सुकला की ते अलगद पर्यायी वाटेवर सरकतं, जुने तंतू आपोआप गळतात. आणि वाट आहे! बघा, आकडा बघा. सरांच्या तोडीची आहे. दर मिनिटाला सुधारतेय!"

"म्हणजे ह्यांची भीती उतरवायची, एवढंच?"

"एवढंच."

उर्मिलाबाई दाराशी उकिडव्या बसल्या. "माझ्याकडे बघा. शंभरापासून उलटं मोजा. शंभर."

"शंभर. उर्मिला, मी मेलो तर..."

"नव्याण्णव. गच्चीवर बसलोय आपण. वारा सुटलाय. आकाशात ढग नाही, अंगणात पाल नाही."

"पाल नक्की नाही?"

"मी आधीच हाकललीय."

हजारो माणसं या आवाजाने झोपली होती. हैबतरावांचे खांदे खाली आले. हात स्टिअरिंगवर सैल पडले. त्र्याहत्तराला दिवे मंद व्हायला लागले. साठाच्या आसपास भिंत दिसेनाशी झाली, आणि सीटवर शिजलेल्या शेवया सांडाव्यात तसा बारीक आवाज झाला. तंतू गळून पडले होते.

उर्मिलाबाईंनी दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. हैबतराव जमिनीवर उभे राहिले. जिवंत होते.

मागे दिवे पुन्हा लागले. लख्ख.

"खर्शीकर," हैबतरावांनी अदबीने विचारलं, "पर्यायी वाट कुठून जात होती हो?"

खर्शीकर डावीकडच्या सीटवरून उठायला गेले आणि अर्ध्यात थांबले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते रोज तिथेच बसत होते, आणि गेला अर्धा तास त्यांना दरदरून घाम फुटत होता.

उर्मिलाबाईंनी हातोडा आणला आणि तांब्याची पट्टी ठोकून बसवली. उद्या संध्याकाळपर्यंत जाळं तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नव्हतं.

"मला झोप लागली तर?" खर्शीकरांनी विचारलं. भिंत उजळली.

"लागणारच. माणूस सलग घाबरू शकत नाही. शरीर दमतं, कातडी सुकते. आणि आता पर्यायी वाट नाही."

"मग तुम्ही बसा ना बाई शेजारी! एक सुकला की दुसरा. आलटून पालटून उद्याची संध्याकाळ गाठू!"

"बसले असते. पण मला भीती वाटत नाही. माझा काही उपयोग नाही."

मग दोघंही हैबतरावांकडे पाहायला लागले.

हैबतरावांनी शेडच्या फाटकाकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. पलीकडे घर होतं, घरात मच्छरदाणी होती, आणि तिच्या आत त्यांना जगात सगळ्यात सुरक्षित वाटत असे.

"मला फार भीती वाटतेय," ते म्हणाले.

"म्हणून तर," खर्शीकर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

हैबतराव मोटारीकडे वळले. दोनदा थांबले. मग स्टिअरिंगमागे वडिलांच्या सीटवर बसले आणि पाठ टेकवली. वाट ओळखीची असल्यामुळे जाळ्याला वेळ लागला नाही. दोन माणसांच्या जोरावर दिवे असे पेटले की भिंतीवरच्या खिळ्याचीसुद्धा सावली पडली.

उर्मिलाबाई खिडकीशी वाकल्या. "फार वाटतेय?"

"फार."

"शाब्बास."

त्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला बाईंनी पदर उचलला, आणि काहीतरी आठवून तो तसाच खाली सोडला.