शिंपीणबाईंचा आरसा

आरसा फुटला की घराचं वाटोळं होतं म्हणतात. तसं असतं तर आमचं कधीच व्हायला हवं होतं, कारण आम्ही नवरा-बायको पोटासाठी आरसेच कापतो. दुकानात रोज काहीतरी फुटतं. बायको तुकडे झाडून गोळा करते आणि वर म्हणते, "झालं, आज पुन्हा बुडालो!" संसार मात्र आमचा झकास चाललाय. बसा ना, दिवा लावतो आणि सांगतो.

मी एकच गोष्ट पाळायचो. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी बजावलं होतं, की आरसा कापताना त्यावर फडकं टाकायचं आणि कापायच्या रेघेपुरती पट्टी तेवढी उघडी ठेवायची. रेघ कुणाच्या चेहऱ्यावरून गेली, तर त्या माणसाचं नशीब तिथेच तुटतं. यावरून बायको माझी भरपूर टर उडवायची. मीही हसायचो, पण फडकं टाकायचो.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंकडे काम होतं. शिवणकाम बंद करून त्या छोट्या खोलीत राहायला चालल्या होत्या. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला पुरुषभर उंचीचा आरसा तिथे मावणार नव्हता, म्हणून कापून हवा होता.

"जन्मभर यात बायका बघितल्या मी," त्या म्हणाल्या. "आता कुणीच नाही. अर्धा तरी बरोबर नेते."

पडदे ओढलेले होते. कापडांच्या गठ्ठ्यांचा कोंदट वास येत होता आणि बाहेरचा आवाज आत पोचत नव्हता. आम्ही आरसा टेबलावर आडवा ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं की फडकं दुकानात राहिलं. शिंपिणीच्या घरात फडक्याला काय तोटा! पण मी तोंड उघडणार, तोच बायकोने डोळे वटारले. "तुमचा तो वेडेपणा इथे नको हं," ती कुजबुजली. मी फडकं न मागताच कामाला लागलो.

तिने पलीकडची कड धरली. मी हिऱ्याची कणी रॉकेलमध्ये बुडवून रेघ सुरू केली. कर्र... कर्र... आमच्या कामात रेघ सुरू झाली की हात उचलायचा नसतो, नाहीतर काच वाटेल तशी तडकते. अर्ध्यावर आलो आणि दिसलं, पुढे रेघेच्या वाटेतच बायकोचा चेहरा होता. ती माझ्याकडे वाकून बघत होती.

"जरा मागे हो गं," मी म्हणालो.

ती मागे सरकली. पार भिंतीला जाऊन टेकली.

आरशातला चेहरा हलला नाही.

तो तिथेच होता. माझ्या हाताखाली, शांतपणे माझ्याकडे बघत. हिरा त्याच्या हनुवटीपासून बोटभर दूर होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी रेघेतून हात उचलला. काच तडकेल म्हणून डोळे मिटले... पण काही झालं नाही.

भिंतीकडून बायकोचा आवाज आला. "अहो... मी इथे आहे ना?"

मी जाऊन तिचा हात घट्ट धरला. तो ऊबदार होता.

शिंपीणबाईंनी पुढे येऊन आरशात वाकून पाहिलं. त्या घाबरल्या नाहीत. "कापू नका," त्या हळूच म्हणाल्या. "असाच नेते, आडवा लावीन. मला सोबत झाली."

तेव्हापासून बायको दुसऱ्या कुठल्याच आरशात दिसत नाही. पहिले काही दिवस ती रडली. आता रोज सकाळी माझ्यासमोर बसते आणि मी तिचा भांग पाडतो. "वाकडा असेल तर सांगा हं," म्हणते. मी सांगतो, सुरेख दिसतेस. खोटं नाही बोलत. खरं सांगू का, एवढं निरखून मी तिला पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही सुखात आहोत.

परवा शिंपीणबाईंचा फोन आला.

"तुमची बायको बरी आहे इथे," त्या म्हणाल्या. "केस पांढरेशुभ्र झालेत, दात पडलेत. पण म्हातारपणी फार गोड दिसते हो!"

मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. इथे तिचा एक केसही पिकलेला नाही, म्हणजे आरसा पुढचं दाखवत होता आणि तिचं नशीब तुटलं नव्हतं. ती जगणार होती, चांगली म्हातारी होईपर्यंत जगणार होती.

"आणि मी?" मी हसत विचारलं. "मी कसा दिसतो म्हातारा?"

पलीकडे त्या आरशापाशी जाऊन आल्याचं ऐकू आलं.

"आरशात दोन खुर्च्या आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "दुसरी खुर्ची ती रोज पुसते... पण त्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं मी पाहिलं नाही."