७३९३९१३३

शिडीवर उभी राहून ती दवाखान्याची पाटी रंगवत होती. निळ्या रंगाचा थेंब पडला तो नेमका खालून जाणाऱ्या गणिताच्या मास्तराच्या खांद्यावर. तो चिडला नाही, उलट वर बघून म्हणाला, "वळण सुरेख आहे हो. आकडे काढता?"

"सांगाल ते काढते."

त्याला दारावर पाटी हवी होती... ७३९३९१३३.

"फोन नंबर?"

"छे, मूळ संख्या. कशानेच भाग जात नाही. उजवीकडचा एक अंक काढा, उरते तीही मूळच. असं करत करत शेवटी नुसता सात. या जातीत याहून मोठी संख्या नाही."

"एकूण हट्टीच म्हणायची," ती म्हणाली, आणि तो हसला. त्या हसण्यावरच ती भाळली, उगाच आढेवेढे कशाला घ्या.

पाटी लागली आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला, शेवटचा तीन गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन बघते तर तिथे थिनरचा चिकट डाग. म्हणजे स्वारीनेच पुसलाय! तिने कळलंय असं दाखवलं नाही.

"पुन्हा काढून देते."

"राहू द्या. अजून मूळच आहे... चहा घेणार?"

मग रोज एक आकडा जाऊ लागला आणि रोज ती बघायला जाऊ लागली. चहा व्हायचा, थट्टा व्हायची. एकच गोष्ट तिला खटकायची. नंतर गेलेल्या आकड्यांच्या जागी डाग नव्हता. लाकूड कोरं होतं, ब्रश कधी टेकलाच नसल्यासारखं, आणि हात लावला की गार लागायचं.

नुसता सात उरला त्या संध्याकाळी ती पाटीसमोरच थांबली. हाही गेला तर यायचं कुठल्या तोंडाने?

"मास्तर, आता पुसू नका," तिने बोलून टाकलं. "तशीही येईन मी. मला तुम्ही आवडता."

तो गोरामोरा झाला. "मलाही... तुम्ही. पण मी फक्त पहिल्या दिवशी तो शेवटचा तीन पुसला. तुम्ही परत यावं म्हणून. बाकीचे तुम्हीच पुसत होता ना?"

"मी — नाही."

दोघंही पाटीकडे बघत राहिले. साताचं टोक फिकं होत होतं. मग त्याचं वळण गेलं. आतून कुणी ओढून घ्यावा तसा तो आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत लाकडात शिरला, आणि बंद दाराआड खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"घरात कोण आहे?" तिने हळूच विचारलं.

"मी एकटाच राहतो."

तिने त्याचा हात धरला. "चला."

"कुठे?"

"माझ्याकडे. आई आहे घरी."

"त्यांना काय सांगणार?"

"खरं तेच. जावई आणलाय, आणि तो घाबरलाय."

"आणि तू?"

"मी पण," ती म्हणाली. हात न सोडता दोघं जिना उतरले. मागे वळून बघायची छाती कुणाचीच झाली नाही.