राखीव गंध

करपलेल्या दुधाचा वास आला की हातातलं टाकून गाडीतून उतरायचं आणि तीस पावलं लांब जायचं, हे आता बालवाडीतच शिकवतात. मुलं ते गाण्यासारखं म्हणतात. त्यांतल्या एकानेही दूध करपताना पाहिलेलं नसतं. घरोघरच्या विजेच्या शेगड्या दूध तळाला लागण्याआधीच आपोआप बंद होतात. तसा कायदाच आहे. हा वास फक्त गाड्यांसाठी ठेवलेला आहे. कायद्याच्या भाषेत त्याला ‘राखीव गंध’ म्हणतात.

तो राखून ठेवायला लावणारी संशोधक डॉ. मृण्मयी खानोलकर मार्चमधल्या एका सकाळी पुण्याहून कोल्हापूरला निघाली होती. तिच्या नोंदवहीतली एक नोंद तिला समजत नव्हती.

पेट्रोलच्या गाड्या होत्या तेव्हा त्या पेटायच्या पुष्कळ. विजेच्या गाड्या त्यांच्या मानाने क्वचित पेटतात. पण पेट्रोल गळलं की आधी वास यायचा, आणि तो वास धोक्याचा आहे हे कुणाला शिकवावं लागत नसे. बॅटरी काही सांगत नाही. तिच्यात हजारो लहान पेशी एकमेकींना खेटून बसवलेल्या असतात. एखादी आतून बिघडली की ती तापते, शेजारणीला तापवते, ती पुढचीला. आणि एका मर्यादेनंतर ही साखळी कशानेच थांबत नाही. पाणी मारून विझलेली बॅटरी तासाभराने पुन्हा पेटू शकते. मात्र पहिली पेशी तापल्यापासून साखळी सुटेपर्यंत साधारण बारा मिनिटं मिळतात. तेवढ्यात माणूस बाहेर पडला तर गाडी जाते, माणूस राहतो.

त्या माणसाला सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. शिटी वाजवून पाहिली. पण सीटबेल्टची शिटी नको म्हणून खाचेत नुसतं बक्कल अडकवून आरामात बसणारे लोक ते. त्यांनी याही शिटीचा बंदोबस्त महिनाभरात केला. नाक मात्र बंद ठेवता येत नाही. आवाज, प्रकाश, स्पर्श हे मेंदूत शिरताना एका नाक्यावर थांबून पुढे जातात. वास तो नाका टाळून थेट आठवणींच्या आणि भीतीच्या घरात शिरतो. मृण्मयीने मेणाच्या कवचातले अतिसूक्ष्म कण तयार केले, त्यांना ‘गंधकण’ नाव दिलं आणि ते प्रत्येक पेशीच्या वेष्टनात मिसळले. पेशी ऐंशी अंशांवर गेली की त्यातले थोडे कण वितळतात आणि गाडीत वास पसरतो. त्याला तार लागत नाही आणि तो बंद करायचं बटणही नाही.

एकतीस वास तपासले गेले. कुजक्या अंड्याच्या वासाला लोकांनी काचा वर केल्या आणि गटार मागे पडावं म्हणून गाडी जोरात हाकली. जळक्या रबराच्या वासाला पुढच्या गाडीवाल्याला शिव्या दिल्या. दुधाच्या वासाला मात्र बोलणं अर्धवट टाकून उठले. सरासरी सहा सेकंद. सहा वर्षांत या वासाने दोन हजार तीनशे गाड्या रिकाम्या केल्या होत्या आणि एकही माणूस दगावला नव्हता. आभाराच्या पत्रांनी तिचा एक खण भरला होता. कंटाळा आला की ती त्यातलं एखादं काढून वाचायची.

वास आल्यापासून दरवाजा उघडेपर्यंतचा वेळ गाडी स्वतः नोंदवते. कोल्हापूरच्या नंदकुमार शिरगावे यांच्या गाडीची नोंद होती नऊ मिनिटं वीस सेकंद. त्यांचंही पत्र आलं होतं. ‘आपल्या वासामुळे जिवंत आहे. मनापासून आभारी आहे.’ नऊ मिनिटांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. दरवाजा अडकला असेल तर तशाच दरवाज्याच्या चार लाख गाड्या रस्त्यावर होत्या, आणि पुढचा माणूस बारा मिनिटांच्या आत निघेलच असं नव्हतं.

शिरगावे पंचाहत्तरीला टेकलेले, उंच, गॅरेजच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेले. त्यांनी तिला आधी अंगणातली शेड दाखवली. कोबा काळा पडला होता.

“इथं होती,” ते म्हणाले. “नवीन पुढच्या आठवड्यात येत्या.”

“काका, दरवाजा अडकला होता का?”

“छे. लोण्यात सुरी जावी तसा उघडतो.”

“मग झोप लागली होती?”

“मॅडम, चहा घ्या आधी. कोल्हापुरात येऊन कोरड्या तोंडानं चौकशी करायची नसते.”

स्वयंपाकघर नीटनेटकं होतं, एकट्या माणसाचं असतं तसं. एक ताट, एक वाटी, एक फुलपात्र पालथं घातलेलं. त्यांनी पातेल्यात दूध ठेवलं. कडेला फेस धरला न धरला तोच शेगडी टक् करून बंद झाली.

“बघा. मास्तरणीसारखी आहे. साय धड धरू देत न्हाई.” त्यांनी दूध कपात ओतलं. “एक विचारू? आमच्या धंद्याचं वाटोळं झालं ते झालं. पण खरं सांगा, पेट्रोलची गाडी बरी का ही?”

“ही.”

“एवढ्यात सांगून मोकळ्या?”

“पेट्रोलची गाडी जास्त पेटायची, काका. आणि टिकण्याचं म्हणाल तर तुम्हीच सांगा, पंधरा वर्षांनी इंजिनाचं काय व्हायचं?”

“पिस्टनच्या रिंगा जायच्या. तेल प्यायला लागायचं. खोलून पुन्हा बसवलं तरी पैलवान म्हातारा तो म्हातारा.”

“बॅटरीतल्या कमजोर झालेल्या पेशी तेवढ्या बदलल्या की ती पंचवीस-तीस वर्षं चालते. वाईट एकच. आजारी पडली तर बोलत नाही.”

“म्हणून तुम्ही तिला तोंड दिलंत.”

“नाक दिलं म्हणा.”

शिरगावे हसले. मग कप बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. दुपारी घरात करमत नाही म्हणून ते गाडी चार्जिंगला लावून तिच्यातच बसत, जुनी गाणी ऐकत. त्या दिवशी वास आला आणि त्यांनी हाक मारली.

“कुणाला?”

“शालनला. ‘शालन, दूध बघ.’ पंचेचाळीस वर्षांची सवय. दूध ठेवायची आणि कुंपणाशी जाऊन पाटलांच्या सुनेबरोबर बोलत उभी राहायची. एक दिवसाआड करपायचं. मी हितनं ओरडायचो, ती तिकडनं पळत यायची. मी काय कधी उठलो न्हाई. माझं काम ओरडायचं.”

मृण्मयीच्या हातातला कप तसाच राहिला. चाचण्यांच्या चित्रफिती तिला आठवल्या. चाचणीच्या खोलीत दुधाचा वास सोडला की बायका उठून चालू लागत, दोन-तीन सेकंदांत. पुरुष मान वर करून म्हणत, “अगं, दूध.” मग बायको उठली की तिच्यामागे तेही उठत. हसायला आलं होतं तेव्हा सगळ्यांना. तिने दोघांचे आकडे एकत्र केले होते आणि अहवालात सरासरी लिहिली होती. त्या खोलीत एकटं कुणी बसलेलंच नव्हतं.

“शालनकाकू कधी...”

“सहा वर्षं झाली.”

“मग वास कशाचा आहे हे तुम्हाला कळलं कधी?”

“अर्ध्या मिनिटात. गॅरेजवाला आहे मी.”

“आणि तरी बसलात?”

“बसलो.” ते तिच्याकडे न बघता बोलत होते. “सहा वर्षांत तो वास कुठं आला नव्हता. घरात येत न्हाई, हॉटेलात येत न्हाई. एकदा मुद्दाम दूध ठेवून बघितलं, तर ही बया बंद पडली. तुम्ही सगळीकडनं काढून नेलाय तो, मॅडम. राग न्हाई. कशासाठी नेलाय ते माहीत आहे.”

तो वास दुसरीकडे कुठेही आला तर लोक गाडीतही त्याच्याकडे दुर्लक्ष करतील, म्हणून तो स्वयंपाकघरातून काढावा, हे कलम मृण्मयीनेच लिहिलं होतं. ते बरोबरच होतं.

“मग उतरलात कशामुळे?”

“खालनं ऊब लागायला लागली. आणि वाटलं, ही असती तर म्हणाली असती, एवढं वय झालं, शेगडी बंद करायला काय कधी उठायचा न्हाई हा माणूस. म्हणून उठलो.” त्यांनी कप पुन्हा हातात घेतला. “पत्रात आभार मानले ते जीव वाचला म्हणून. त्या नऊ मिनिटांबद्दल पण मानायचे होते, पण ते लिहायला बरं दिसलं न्हाई.”

“काका, मला वास बदलावा लागेल.”

“का? दोन हजार माणसं वाचली न्हवं?”

“तुमच्या नव्या गाडीत हाच वास आहे. पुढच्या वेळी ऊब उशिरा लागली तर?”

“बदलून दुसरा कुठला घालणार? अंड्याचा? म्हणजे माझ्यापायी बाकीच्यांनी मरायचं.” त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मिरची घाला.”

“काय?”

“दूध आधी. मागनं मिरची. सुक्या मिरच्या भाजायला घेतल्यावर घरात कोण थांबतं? पाव्हणे पळतात.”

“मिरची आम्ही तपासली होती. चालत्या गाडीत ड्रायव्हरला ठसका लागला तर अपघात होईल.”

“मग उभ्या गाडीतच सोडा. चालती असली तर आधी तिलाच थांबवू दे की. तेवढं येतंय तुम्हाला.”

येत होतं. मिरचीची एक बंद कुपी हवेच्या झोतापाशी बसवायची, तिला घड्याळ जोडायचं. दुधाच्या वासानंतर गाडीत माणूस बसलेलाच असेल आणि चाकं थांबलेली असतील, तरच ती फुटेल. मृण्मयीने तिथेच टेबलावर कागद घेऊन आकृती काढली. शिरगाव्यांनी चष्मा लावून झोताची दिशा दुरुस्त केली. तिची चुकली होती.

“दुधानंतर किती वेळानं?” त्यांनी विचारलं.

“दहा सेकंद पुरेत.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “तुमच्याकडं बारा मिनिटं आहेत.”

“हो.”

“त्यातलं एक द्या की.”

तिने हिशेब केला. साठ सेकंद गेले तरी अकरा मिनिटं उरतात. एवढी सवलत कुठल्याही अभियंत्याला पटली असती. तिने आकृतीखाली ‘६०’ लिहिलं. निघताना तिने त्यांना वाकून नमस्कार केला. जे कुठल्याही संवेदकाला मोजता आलं नसतं ते या माणसाने तिला सांगितलं होतं, आणि त्याबद्दल आभार मानायला तिला दुसरी रीत सुचली नाही.

वर्षभरात सगळ्या गाड्यांना मिरचीची कुपी बसली. एकट्या माणसांचे उशीर संपले. सर्वांत लांबलेली नोंद होती सदुसष्ट सेकंदांची. तिच्या खणाला दुसरा खण जोडावा लागला.

दुसऱ्या वर्षीच्या आकड्यांत मात्र एक गोष्ट तिला खटकली. उभ्या गाड्यांमधल्या वासाच्या सूचना तिपटीने वाढल्या होत्या. गाड्यांचे मालक बहुतेक पासष्टच्या पुढचे. वेळ दुपारची, ऊन कडक, बॅटरी पूर्ण भरलेली, आणि गार हवेचा पंखा कशाने तरी झाकलेला. तिने काही बॅटऱ्या मागवून उघडल्या. एकाही पेशीत दोष नव्हता. पेशी ऐंशी अंशांपर्यंत कुणीतरी जपून तापवल्या होत्या आणि लगेच गार केल्या होत्या. हे जमायला गाडीची नस माहीत असलेला माणूस लागतो. नोंदी होत्या सत्तावन्न सेकंद, अठ्ठावन्न, एकोणसाठ. साठ कुणीच होऊ दिले नव्हते.

सर्वांत जास्त नोंदी कोल्हापूरच्या एकाच गाडीच्या होत्या. दर रविवारी, तीनच्या सुमारास. आसनांखालचे वजनकाटे सांगत होते की सुरुवातीला गाडीत एक माणूस असे. मग दोन. दिवाळीनंतर दर वेळी चार, आणि प्रत्येक रविवारी वजनं निराळी. एकोणसाठाव्या सेकंदाला चारही दरवाजे एकदम उघडत.

असं तापवताना एखादी पेशी कधीतरी गार व्हायचं नाकारणार होती. मृण्मयीने शक्यता काढली. सगळ्या गावांतल्या अशा गाड्या धरल्या तर साधारण चौदा महिन्यांत एकदा. उत्तर तीनदा पडताळलं तरी तेच आलं.

त्याच आठवड्यात कोल्हापूरहून पाकीट आलं. आत वहीचा एक कागद होता, खाली सतरा सह्या. काही थरथरत्या, दोन अंगठे. मजकूर शिरगाव्यांच्या अक्षरात होता.

‘आपण दिलेल्या मिनिटाबद्दल आम्ही सर्व आपले ऋणी आहोत. जमल्यास दोन करावीत, ही विनंती.’