दोन वादळांची फुगडी

उपणणी चालली असताना खळ्याच्या वाऱ्याखालून जाऊ नये, हे तिसगावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. सेहेचाळीसच्या सुगीत पुण्याच्या वेधशाळेतून पर्जन्यमापक तपासायला आलेल्या जॉर्जला मात्र ते कळलं नाही. गावातली मार्था तिपाईवर उभी राहून बाजरी उपणत होती, वारा एकाएकी फिरला आणि सगळं भुसकट सायकलवरच्या या साहेबाच्या डोळ्यांत गेलं.

"बाई, दिसत नाही का?"

"मला दिसतंय की! दिसंना झालंय ते तुमाला."

तरी तिनंच तांब्याभर पाण्यानं त्याचे डोळे धुतले. लाल झालेले ते डोळे उघडले, तिच्याकडे बघून हसले... आणि मार्थाचं सूप दिवसभर वाकडं चाललं.

मग साहेब रोज खळ्यावर येऊ लागला. तिसऱ्या दिवशी आभाळ जरा भरून आलं. शेजारच्या आक्काबाईची कणसं उघड्यावर पसरलेली होती, म्हणून मार्थानं त्याला पावसाचं विचारलं.

"तार आली आहे," तो ऐटीत म्हणाला. "समुद्रात दोन वादळं आहेत. पहिलं अरबस्तानाकडे गेलं. दुसरं त्याच्याच मागोमाग जाईल. इकडे थेंबही पडणार नाही."

मार्थानं खळ्याखळ्यावर जाऊन सांगितलं, "जॉर्जसायेब म्हन्त्यात, पाऊस न्हाई. झाकू नका!"

तो शेवगावला गेला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. तीन दिवस खळ्यांत पाणी साचलं, बाजरीला कोंब फुटले.

"तुझ्या सायबाला इच्यार, कोंब खायाचं का आमी?" आक्काबाई म्हणाली.

मार्थाला तोंड वर काढता येईना. आयुष्यभर तिच्या शब्दाला गावात मान होता. तो या परक्या माणसाच्या पायी गेला. संताप आला तो त्याचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण ते सांगताना ती किती मिरवली होती!

पाऊस लागल्यापासून चौथ्या दिवशी तो सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवत आला.

"बोलू नका माझ्याशी!"

"एवढं ऐका. दोन वादळं जवळ आली की एकमेकांभोवती फिरतात. पहिलं खाली वळलं, त्यानं दुसऱ्याला फिरवून आपल्याकडे भिरकावलं. मी हे वाचलं होतं, मार्था... पण लक्षातच घेतलं नाही."

"फुगडी हाय ती!" ती कडाडली. "एक हिकडं गेली की दुसरी तिकडं जाती. कुनाबी पोरीला कळतंय. आन् तुमी त्यास्नी मेंढरावानी एकामागं एक लावून दिलंत?"

तो थक्क होऊन बघत राहिला. मग हसला.

"हसू नका! चूक मला न्हाई, गावाला सांगा."

"सांगून आलो. प्रत्येक खळ्यावर. म्हटलं, मार्थाबाईंचा दोष नाही, माझा आहे. आक्काबाईंनी सूप फेकून मारलं."

कपाळावर चांगलं टेंगूळ आलं होतं. तिचा हात नकळत तिथवर गेला.

"बरं केलं तिनं," ती म्हणाली. पण हात काही लगेच खाली आला नाही.

"फुगडी शिकवाल मला?"

"मधीच हात सोडला तर दोगंबी पडत्यात."

"सोडणार नाही."

"ह्योबी अंदाजच सांगताय व्हय?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "अंदाज चुकतो. हा शब्द देतोय."

मार्थाचा राग अजून गेला नव्हता. तो लई दिवस पुरणार होता. तिनं रागारागानंच पदर खोचला, आणि दोन्ही हात पुढे केले.