फिकट अक्षरांतलं नाव

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर खुशाल हसा. चिमाबाई कुणाच्या हसण्यावर जगलेली बाई नव्हे.

किन्हवलीच्या अलीकडची बौद्धवस्ती. जयंती होऊन गेल्यावरचा रविवार. टळटळीत दुपार.

भूत दुपारी येत नाही म्हणतात ना? आणि या घरात तर भूत म्हणायचीही सोय नव्हती. भगत, अंगारे, उतारे... सगळं चिमाबाईच्या सासऱ्याने कधीच उंबऱ्याबाहेर फेकलं होतं.

ओटीवर उखळ. उखळात भाजलेल्या मिरच्या. चिमाबाई एकटीच मसाला कांडत होती. तिची नात मेघा नाकाला ओढणी बांधून लॅपटॉपपुढे बसलेली. मुरबाडला कॉम्प्युटर शिकलेली पोर. आजीचा मसाला विकायला मोबाईलचं ॲप बनवत होती.

"आजी, हे रकाने बघ. फोन नंबरच्या रकान्यात नुसते आकडेच उमटतील. आनि हा नावाचा. हितं लिवशील तेच पाकिटावर छापून येनार."

"मंग माझंच नाव टाकायचं."

"तूच टाक ना."

हे साधं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून मसाला चिमाबाई कांडते, पण गाव अजून म्हणतं, लहानीचा मसाला. लहानी म्हणजे तिची सासू. कधीच मातीआड झाली, तरी नाव तिचंच. चिमाबाईला आता स्वतःचं हक्काचं नाव हवं होतं.

मेघाने मोबाईल तिच्या हातात दिला. रकान्यात फिकट राखाडी अक्षरं होती.

"हे कुनी लिवलं?"

"ती नुसती खूण गो. 'नाव लिहा' म्हनून. तू लिवलंस का ती जाते. खोडलंस का परत येते."

चिमाबाई प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली. एकेक लावून वाचू लागली...

"ल... हा... नी."

मेघाने फोन ओढून घेतला. बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला.

"आजी, मी हे लिवलंच नाय!"

लॅपटॉपवर पाहिलं. तिथे 'नाव लिहा' असंच होतं. तिने ती खूणच काढून टाकली. ॲप नव्याने चालू केलं.

रकाना कोरा होता.

कोराच राहिला...

मग हळूच, धुरासारखी, तीच अक्षरं वर आली.

चिमाबाई उखळाकडे वळली. मुसळ उचललं आणि कांडू लागली. राग आला की ती कांडतेच.

धप्प.

धप्प.

आणि मध्येच... अजून एक. धप्प.

पूर्वी सासू-सून एकाच उखळात कांडायच्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. अगदी तोच ठेका.

मेघाने कोपऱ्याकडे पाहिलं. सासूचं मुसळ भिंतीला टेकलेलं होतं. त्यावरचं कोळिष्टकही तुटलेलं नव्हतं.

चिमाबाईने हात थांबवला.

धप्प... एक ठोका तरीही पडला.

अंगणातल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

"आजी," मेघा रडकुंडीला आली, "त्या पलीकडच्या वाडीतल्या भगताला तरी..."

"भगत? तोंड धुवून ये आधी! कालेजात ह्येच शिकलीस का गो?"

मग ती कोपऱ्याकडे वळली.

"सासूबाय, माझ्या मांडीवर जीव सोडलात. शेवटचं पानी मी पाजलं. तुमचं कायपन करायचं ठेवलं नाय मी. नाव तुमाला पायजे, तर मलापन पायजे."

तिने लाल बोटं लुगड्याला पुसली. मोबाईल घेतला.

चि... फिकट अक्षरं गेली. मा... बा... ई.

काळंभोर नाव.

"छाप."

मेघाने छापलं. पाकिटं कल्याणला गेली. आता लोक चिमाबाईचा मसाला मागतात.

पण त्या दिवशी तिने मसाला चाळला, तर चाळणीत कणभरही जाड राहिलं नाही. एकटीच्या मुसळाने तो तितका बारीक होत नाही. हे तिला ठाऊक आहे. मेघालाही.

ठोका अजून पडतो. रोज नाही... अधूनमधून.

"कांडा तुमी," चिमाबाई मागे न बघता म्हणते. "नाव माझंच राहनार."

मेघाने एकदा विचारलं, "आजी, नाव खोडून बघू का? आता तरी..."

चिमाबाईने फोन दिला नाही.

झोपतानाही तो ती उशाखाली ठेवते. कुणाचं बोट चुकून लागायला नको.