गुंतवळाचा डबा

“पाना उचल आणि जा परत धुरपताच्या दारात. आत्ताच्या आत्ता!”

“जात न्हाई, अम्मी. कितींदा सांगू?”

“सव्वातीन झालेत. चारला नळ येतोय.”

“येऊ दे की. नळ यायच्या आत अब्बा करून ठेवतेत.”

बेगमबीनं हातातला तांब्या असा आदळला की अंगणातली कोंबडी फडफडत भिंतीवर गेली. “मेल्यावर बी माणसाला सुट्टी न्हाई व्हय रे? तू घाण करून ठेवायची अन् त्यांनी कबरीतून उठून निस्तरायची?”

“मी कुठं बोलावतो? ते आपल्या पायानं येतेत. आताच कालचा जोड बघून आलो. सफेदा अजून ओला हाय.” यासेर हसला, पण हसताना त्यानं आईकडं बघितलं नाही.

लातूरच्या त्या गल्लीत जिलानी मिस्त्रीचं नाव होतं. भिंत पडेल, पण मिस्त्रीचा जोड गळायचा नाही, असं लोक म्हणत. बेगमबीनं चाळीस वर्षं त्याच्या हातात पाना दिला, तागाचा धागा दिला, जोड बुजवायचा पांढरा सफेदा तेलात कालवून दिला. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण भिंतीला कान लावला की आत पाणी कुठं रडतंय ते ती बोट ठेवून सांगे, आणि ते बोट चुकलं म्हणणारा अजून जन्माला यायचाय, असंही तीच सांगे.

दोन वर्षांमागं मिस्त्री गेला आणि काम यासेरकडं आलं. पस्तिशीचा गडी. हात चांगला, धीर मात्र नाही. धागा पाइपाच्या आट्यांच्या वाटेनंच गुंडाळावा लागतो; उलटा गुंडाळला तर आवळताना उलगडून बाहेर येतो. वरून सफेदा बोटानं दाबून बसवावा लागतो. यासेर टेपचे दोन वेढे मारी, हातानं आवळी आणि गाडीला किक मारी.

गेल्या थंडीत असाच एक जोड ढिला राहिला. शिव्या खायच्या तयारीनं तो दुसऱ्या दिवशी गेला, तर जोड कोरडा ठणठणीत. त्याची टेप सोलून खाली टाकलेली. आट्यांत गडद धागा, वर सफेदा, आणि सफेद्यावर बोट फिरवल्याची खूण. घरच्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नव्हतं. यासेरनं वास घेतला. बापाच्या हाताला तोच वास यायचा.

तेव्हापासून तो मुद्दाम जोड ढिले ठेवू लागला. दुसऱ्या दिवशी जाऊन जोडावर तळवा ठेवून उभा राहायचा. घरातलं कुणी विचारायचं, “काय झालं, मिस्त्री?”

“काई न्हाई. बघून राहिलो.”

हे त्यानं आईला सांगितलं, तेव्हा बेगमबीनं त्याला वेड्यात काढलं खरं. पण आठ दिवसांमागं ती स्वतःच बघायला गेली. सत्तरीला टेकलेली बाई, आणि जाताना तिनं धुवट ओढणी घेतली होती.

गल्लीतले बसलिंगप्पा गुरुजी लेकाकडं गेले होते. नळाच्या दिवशी टाकी भरून ठेवा म्हणून किल्ली तिच्याकडं दिलेली. त्यांच्या न्हाणीतला जोड यासेरनं आदल्या दिवशी ढिला सोडला होता. ती गेली तेव्हा ऊन ऐन डोक्यावर होतं. कुलूप काढून आत पाय टाकला आणि डोळ्यांपुढं अंधारून आलं. खिडक्या बंद, आत गार, कोंदट. दुपार असूनही त्या घरात गल्लीचा आवाज म्हणून नव्हता. फक्त न्हाणीतून थेंब पडत होता. टप… टप… टप.

मग थेंब थांबला.

लोखंडावर काच वाजली. बारीक. बांगड्या भरलेल्या हातानं पाना फिरवावा तशी.

“कोन हाय?” बेगमबीचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. “अहो… तुमी हाव का?”

काच पुन्हा वाजली नाही. न्हाणीत कुणी नव्हतं. जोडावर ताजा सफेदा चकाकत होता. त्याचा तेलकट वास होताच. पण त्या वासाखाली दुसरा एक वास होता, खोबरेल तेलाचा. जिलानीनं जन्मात डोक्याला खोबरेल लावलं नव्हतं.

तिनं पाना लावला. चाळीस वर्षांचा सराव. तीन झटक्यांत जोड सुटला. आट्यांवरचा धागा तिनं नखानं उकलला. तो ताग नव्हता. केस होते. लांब, बाईचे. एक केस तिनं झरोक्याशी उजेडात धरला. अर्धा काळा, अर्धा मेंदीचा लाल.

“नाजू…?”

पाइपातून, फार खोलातून, कुणी दमून सोडावा तसा श्वास आला. नळ यायच्या आधी पाइपात हवा अशीच येते. बेगमबीला ते माहीत होतं. तरी ती खाली बसली.

नाझनीन तिची लेक. यासेरहून धाकटी. बिलोलीला दिलेली. तीन वर्षांमागं पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. केस कमरेखाली. पोटात बाळ असताना मेंदी नको, ती थंड असते, असं बेगमबीनंच बजावलं होतं. म्हणून वरचे केस काळे आणि खालचे लाल. पोरगी रोज विंचरायची आणि गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. “डबा भरला की केस देऊन भांडेवालीकडून बाळाला वाटी घ्यायची, अम्मी.” डबा भरला. वाटी आली नाही. आठव्या महिन्यात कावीळ झाली आणि चार दिवसांत नाजू गेली, बाळासकट. भांडेवाली तीनदा दारात येऊन गेली. बेगमबीनं तिन्ही वेळा तिला परत पाठवलं.

पोटुशी होती, नशीब फुटकं, असं सगळे म्हणाले. पण चाळिसावा झाल्यावर जिलानीनं घरापुढची नाली उपसली. नळाचा पाइप नालीतूनच येतो. त्याच्यावरचा एक जोड यासेरनं नळ यायच्या घाईत धाग्याशिवाय बसवला होता आणि वर सायकलची ट्यूब बांधली होती. नळ चालू असतो तोवर अशा जोडातून पाणी बाहेर जातं. नळ गेला की रिकामा पाइप नालीतलं आत ओढून घेतो, आणि पुढच्या खेपेला पहिला हंडा त्याच पाण्यानं भरतो. पहिला हंडा घरात नाजूच भरायची.

जिलानीनं जोड बदलला, नाली बुजवली, हात धुतले. “पोराला सांगू नको,” एवढंच म्हणाला. “एक तर गेली. ह्यो बी जाईल.” वर्षाच्या आत तोही गेला. बेगमबीनं तोंड शिवून घेतलं.

गुरुजींच्या घरून येऊन तिनं डबा उघडला होता. काठोकाठ भरलेला तो डबा निम्म्यावर आला होता. मग ती रोज बघू लागली. यासेर एक जोड ढिला ठेवी, आणि डब्यातलं एक गुंतवळ कमी होई. आज सकाळी तळाशी एकच उरलं होतं.

आणि आज सकाळीच यासेरनं शेजारच्या धुरपताच्या नालीतला जोड मुद्दाम ढिला सोडला होता. जेवताना स्वतःच सांगून मोकळा झाला. धुरपताची लेक राजकन्या चाकूरहून बाळंतपणाला आलेली होती. आठवा लागलेला.

“यासेर,” बेगमबीनं आवाज खाली आणला, “त्या घरात पोटुशी पोरगी हाय. तुला काईच वाटत न्हाई?”

“अब्बाचा जोड गळंल का कधी?”

“अन् न्हाई आले तर?”

“येतेत!” तो ओरडला, आणि मग त्याचा आवाज फुटला. “अम्मी, ते गेले तवा मी उमरग्याला कामावर होतो. हात धरता आला न्हाई मला. आता जोडावर हात ठेवला की… हात धरल्यागत वाटतं. एवढं बी काढून घेतीस का माझं?”

बेगमबीच्या तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. नवऱ्याचे शब्द आठवले. समोर पस्तीस वर्षांचं पोर लहान झालं होतं. एक शब्द, आणि हे घर आणखी एकानं रिकामं होणार.

गल्लीत हंड्यांचे आवाज सुरू झाले. कुंपणापलीकडून राजकन्येचा चढा, हसरा आवाज आला, “बेगमबी मावशी, नळ आला की हाक मारा हो! आज पहिला हंडा माझा!”

बेगमबी आत गेली. कोनाड्यातून डबा काढला. तो हलका लागला, तरी तिनं झाकण उघडलं. केस नव्हते; शेवटचं गुंतवळ कालच्या जोडाला गेलं होतं. तळाशी पाण्याचा एक थेंब होता आणि पत्र्यावर सफेद्याचं बोट उमटलेलं. बारीक बोट. बाईचं.

ती बाहेर आली. उघडा डबा तिनं लेकाच्या हातात दिला. त्यानं आत पाहिलं, वास घेतला. खोबरेल तेल. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सांदीत अडकलेला एकच केस त्यानं चिमटीत धरून उन्हात वर केला. अर्धा काळा, अर्धा लाल.

“अम्मी… हे…”

रस्त्यातल्या पाइपात हवा येऊ लागली होती. दमल्यासारखी.

“नाजूचे केस संपले, यासेर… आता ती जोड कशानं बांधंल?”