आदिनाथ बाहेर का जातो?

पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेऊन रोहिणी परभणीला निघाली, आणि मधल्या रस्त्यातच स्कूटी पंक्चर झाली. वर आभाळ भरून आलेलं. फेब्रुवारीतला अवकाळी पाऊस तो... थेंब कसले, बोरं पडत होती नुसती!

इतक्यात एक पांढरी जीप शेजारी येऊन थांबली. दारावर सूर्याचं चित्र आणि खाली एका सौरऊर्जा कंपनीचं नाव. ते नाव वाचताच रोहिणीच्या कपाळाला आठी पडली. वालूरकडच्या गायरानावर पॅनल उभारायला निघालेली हीच ती कंपनी! रोहिणी परभणीच्या कोर्टात वकिली करायची आणि तिथल्या पर्यावरण व ऊर्जा वकील मंचाची सचिव होती. त्या गायरानावर मेंढरं चारणाऱ्यांची बाजू मंच मांडणार होता.

"बसा मॅडम, परभणीपर्यंत सोडतो," जीप चालवणारा म्हणाला.

"नको."

"भिजायलात की हो!" त्याच्या शेजारचा तरुण म्हणाला.

"भिजू द्या. मी काय गुळाचा खडा न्हाई विरघळायला."

तो हसला. चालवणाऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि चक्क खाली उतरला. जीप निघून गेली.

"द्या, मी ढकलतो."

"जीप सोडून?" रोहिणीनं हँडल घट्ट धरलं.

"तुमी जीपमध्ये बसणार न्हाई. मग मीच उतरलो."

"काय करता तुमी?"

"वकील हाय."

"कुणाचे?"

"अजून तरी... कुणाचाच न्हाई." बोलताना त्यानं एकदाच तिच्याकडं पाहिलं. पापण्यांवर पाणी साचलेलं, आणि डोळ्यांत हसू.

रोहिणीनं हँडल त्याच्या हाती दिलंसुद्धा. तिनं लगेच स्वतःला दटावलं – कंपनीच्या जीपमधून उतरलेला माणूस, तो गोडच बोलणार!

पुढच्याच आठवड्यात मंचाची बैठक होती. अध्यक्ष तात्याराव म्हणजे कोर्टातले सगळ्यात जुने वकील. त्यांनी एका नव्या सभासदाला पुढं बोलावलं, आणि रोहिणीच्या हातातला पेन खाली पडला.

"हे आदिनाथ. मूळचे वालूरचे. इतके दिवस संभाजीनगरला वकिली केली, आता आपल्यात आलेत."

आदिनाथनं पेन उचलून तिच्या हातात दिला. "स्कूटी बरी हाय का?"

"स्कूटी बरी हाय. तुमची जीप कशी हाय?"

मंचाचं वर्ष सुरू झालं. उन्हाळ्यात छतावरच्या सौर विजेवर व्याख्यान झालं. पाहुणा बोलायला उभा राहिला आणि वकिलांच्या बार रूममधली वीजच गेली. आदिनाथ शेवटपर्यंत वर्तमानपत्रानं सगळ्यांना वारा घालत राहिला, आणि त्यातला बराचसा वारा रोहिणीच्याच वाट्याला आला. जूनमध्ये कोर्टाच्या आवारात कडुनिंब लावले. ती रोप धरायची, तो माती लोटायचा. बोटाला बोट लागलं की दोघंही रोपाकडंच बघायची.

पण एक गोष्ट रोहिणीच्या मनात सलत होती. गायरानाचा विषय निघाला, की आदिनाथ गुपचूप उठायचा आणि बाहेर जायचा. दर वेळी! विषय संपला की परत हजर.

एकदा ती त्याच्या मागोमाग गेली. तो टपरीपाशी उभा होता.

"कुणाला फोन करायलात?"

"चहा प्यायलोय."

"चहा तर आतपण हाय."

"आतल्या चहात तुमचा संशय पडतो... गोडी राहत न्हाई."

तिला हसू आलं, ते तिनं ओठांतच दाबलं. रात्री मात्र तेच वाक्य आठवून ती उशीत तोंड खुपसून हसली. मग उठून बसली. फोन करत नव्हता, तर मग बाहेर का जातो?

ऑक्टोबरात सुनावणी लागली. मंचानं आपले मुद्दे कुणालाही कळू दिले नव्हते. तरी कंपनीचा वकील प्रत्येक मुद्द्याला उत्तर घेऊन आला होता. सुनावणी पुढं ढकलली गेली. त्याच संध्याकाळी, भरल्या बैठकीत, रोहिणी उभी राहिली.

"आपल्यातलं कुणीतरी तिकडं बातमी पोचवतंय. कंपनीच्या जीपमधून फिरताना मी एकाला डोळ्यांनी बघितलंय. ते दर वेळी बाहेर का जातात, हे त्यांनीच सांगावं."

सगळ्यांच्या माना आदिनाथकडं वळल्या. तात्याराव काही बोलणार, तोच त्यानं हात वर केला. "राहू द्या, तात्या." मग तो रोहिणीकडं वळला. आवाज चढला नाही, उलट उतरलाच. "तुमी एकदा मला एकट्याला विचारायचं होतं."

आणि तो गेला.

तात्यारावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरी, जीप चालवणारा त्याचा दाजी. राजेश्रीचा, त्याच्या बहिणीचा नवरा. कंपनीसाठी जमिनी बघतो. आदिनाथनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, की समोर घरचा माणूस हाय, म्हणून ह्या प्रकरणातला एक शब्दही मला ऐकायचा न्हाई. म्हणून तो बाहेर जायचा. घरची गोष्ट चारचौघांत नको म्हणाला, मी गप बसलो. तो मंचात आला म्हणून दाजी चिडले. बहिणीनं औंदा राखीला बोलावलं न्हाई त्याला."

रोहिणीला बसायला खुर्ची सापडेना.

मग बातमी फोडली तरी कुणी? दुसऱ्या दिवशी ती गायरानावर गेली. भिवराबाई मेंढरांमागं उभी होती. ती आणि तिचा नवरा बिरदेव हेच मंचाचे अशील.

"कंपनीवाल्यांना आपले मुद्दे कुणी सांगितले, मावशी?"

"मीच की!" भिवराबाई अभिमानानं म्हणाली. "तुमी वाचून दाखवलं, ते समदं सांगितलं त्याह्यला. म्हणलं, आमचे वकील लय खमके हायती, पळा आता. भ्यावं त्याह्यनी म्हणून... का? सांगायचं नव्हतं व्हय?"

रोहिणी तिथंच मातीत बसली. एक कोकरू येऊन तिची ओढणी चघळू लागलं, तरी तिनं ती सोडवली नाही.

आदिनाथ बैठकांना येईना. दिवाळी गेली. ती एकदा कोर्टातल्या त्याच्या टेबलापाशी गेली, तर तो उठून उभा राहिला. "बोला, मॅडम."

ते 'मॅडम' तिला थंडीसारखं झोंबलं. "चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली.

"आळ भरल्या बैठकीत, आणि माफी अशी कानात?"

त्याच रविवारी तिनं स्कूटी काढली, आणि कुठं जातेय ते घरीसुद्धा सांगितलं नाही.

डिसेंबरात वार्षिक सभा भरली. गायरानावरच्या कामाला स्थगिती मिळाली होती, म्हणून बिरदेव-भिवराबाईही आलेली. रोहिणी वर्षाचा अहवाल वाचायला उभी राहिली. व्याख्यान, वृक्षारोपण, सुनावणी... मग तिनं कागद मिटला.

"ह्या वर्षात आणखी एक गोष्ट झाली. एका प्रामाणिक माणसाला मी तुमच्यासमोर बेइमान म्हटलं. त्यांनी आपल्या वकिलीच्या धर्माला जागून बाहेर जायचं ठरवलं होतं, आणि मी त्यालाच चोरी समजले. आदिनाथ, मी चुकले. सगळ्यांसमोर माफी मागते."

शेवटच्या रांगेतला आदिनाथ उठला... आणि बाहेर गेला.

तिचे डोळे भरून आले. सभा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

बाहेर आली, तर तो पायरीवर उन्हात उभा होता.

"काल ताईचा फोन आला," तो म्हणाला. "राखीनंतर पहिल्यांदाच. लय रडली. तिच्याकडं कुणी वकीलबाई आलती म्हणे. दाजींनी घरात घेतलं न्हाई, तरी दारात उभी राहिली. म्हणाली, तुमच्या भावानं तुमच्या घराविरुद्धचा एक शब्द कधी स्वतःच्या कानावर पडू दिला न्हाई."

"बरं झालं की," रोहिणी दूर कुठंतरी बघत म्हणाली.

"तूच गेलतीस ना?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. रोहिणीचे कान तापले.

"दाजींनी हाकलल्यावरपण उभी का राहिलीस?"

"असंच..."

"असंच कुणी उभं राहत न्हाई. मला संशय यायलाय."

"तुमाला? संशय?" तिनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तेच हसू होतं, किती दिवसांनी! "कसला संशय?"

"की तुझा... माझ्यावर जीव जडलाय."

आतून भिवराबाई हाका मारत होती, "वकीलबाई, च्या निवायलाय!" रोहिणी हलली नाही.

"संशय घ्यायचा, तर आधी एकट्याला विचारावं," ती हळूच म्हणाली. "तुमी विचारलं, ते बरं केलं."

"मग? खोटा हाय का?"

तिनं मान हलवली. "न्हाई... एवढा एक खरा हाय."